पेटीतला रुमाल



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असते. तिची किल्ली घरातल्या सर्वांत वडील माणसाकडे असते. पेटीत निकाहनामे असतात, शाळा सोडल्याचे दाखले असतात, कोणा आजोबांचा हजचा जुना पासपोर्ट असतो आणि अगदी तळाशी कापडात बांधलेला जमीनजुमल्याच्या कागदांचा एक गठ्ठा असतो. जुन्या दप्तरखान्यांत अशा गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. हा रुमाल सहसा सुटत नाही. तो दोनच वेळी सुटतो : घरात कोणी वारले म्हणजे, किंवा बिल्डरचा माणूस दारात येऊन बसला म्हणजे. दोन्ही वेळी घरची माणसे शांतपणे वाचण्याच्या मनःस्थितीत नसतात.

काही घाई नसताना, एखाद्या रविवारी, मुलांना शेजारी बसवून तो रुमाल आपण सोडावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, जाताना कोणाचे नाव लिहिले जाते आणि कोणाचे राहून जाते, याचा आपल्या भागातला इतिहास हजार वर्षांहून जुना आहे. त्यातली पहिलीच ठळक गोष्ट एका मुसलमान अंमलदाराची आहे, आणि ती आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात मला तरी कधी दिसली नाही.

१९५५ साली डहाणू तालुक्यातील चिंचणी या गावी काही ताम्रपट सापडले. डहाणू तालुका तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. या ताम्रपटांपैकी सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राज्य राष्ट्रकूटांचे, राजा तिसरा इंद्र. समुद्रकाठच्या ‘संयान’ मंडलाचा, म्हणजे संजाण बंदर आणि भोवतालच्या मुलखाचा कारभार कोणाकडे होता? ताम्रपट सांगतो की तो मधुमती ऊर्फ सुगतिप नावाच्या ताजिकाकडे होता. ताजिक हा त्या काळी अरबांसाठी वापरला जाणारा शब्द, आणि मधुमती म्हणजे संस्कृत लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे मुहम्मद. आधीचा राजा दुसरा कृष्ण याने हे सबंध मंडल त्याच्या हवाली केले होते. या मुहम्मदाने किनाऱ्यावरच्या बंदरांत आपली माणसे नेमली, लोकांना पाणी ओलांडता यावे म्हणून फुकट होडीची सोय केली, आणि एक अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप मिळत असे, असेही त्या पत्र्यावर कोरलेले आहे. तुपाचा उल्लेख करायला लेखक विसरला नाही, हे मला फार आवडले.

आता जमिनीची गोष्ट. अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणाने संजाणला देवीचा मठ बांधला होता. मठाची डागडुजी व्हावी, देवीला नैवेद्य मिळावा आणि तिथल्या नऊ विद्वानांच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी उत्पन्नाची गरज होती. तेव्हा राजाच्या संमतीने या मुहम्मदाने मठाला कणाडुक नावाचे एक गाव आणि देवीहर गावातली काही जमीन दिली.

या गोष्टीवर व्यासपीठावरून भाषणे पुष्कळ करता येतील. मला इथे भाषण करायचे नाही. मला आपले लक्ष त्या दानाच्या रीतीकडे वेधायचे आहे. मुहम्मदाच्या हाती सबंध मंडलाची सत्ता होती. तोंडाने सांगितले असते तरी त्या दिवशी मठाला जमीन मिळाली असती. परंतु तो दिवस संपणार होता, मुहम्मद संपणार होता, राष्ट्रकूटही संपणार होते. म्हणून देणारा कोण, त्याला परवानगी कोणाची, घेणारा कोण, कशासाठी दिले आणि कोणत्या तिथीला दिले, हे सगळे तांब्यावर कोरले गेले. ताडपत्राला कसर लागते, तांब्याला लागत नाही. राष्ट्रकूट गेले, त्यांच्यानंतर शिलाहार आले, मठ मोडून गेला, त्याची जागाही आज दाखवता येत नाही. कागद तेवढा राहिला.

त्याच गठ्ठ्यात पुढच्या काळातले आणखी पत्रे आहेत. एकावरून दिसते की मठाच्या कुंपणात शेजारच्या देवळाची जागा आली होती. कब्जा मठाचा, मालकी देवळाची, असा तो पेच. तोड अशी निघाली की मठाने त्या जागेबद्दल देवळाला दरसाल ४० द्रम्म भाडे द्यावे. हेही लिहून ठेवले, आकड्यासकट. शेजाऱ्याच्या भिंतीवरून पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांतील लोकांनी ही तोड जरूर विचारात घ्यावी. १०३४ सालच्या आणखी एका पत्र्यात मठाला तेलाच्या घाण्याचे उत्पन्न लावून दिले आहे, आणि तिथे ज्या प्रतिष्ठित नागरिकांना उद्देशून हुकूम आहे त्यांत अल्लिय आणि मधुमत ही नावे येतात. अली आणि मुहम्मद यांना ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

हे सर्व त्या काळी नवलाचे नव्हते. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती होती असे त्याने नोंदवले आहे. पारशी लोक आपल्या पूर्वजांचे पहिले मोठे ठाणे संजाण हेच मानतात. त्यांचा ‘किस्सा-ए-संजान’ हा फारसी ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचला गेला. अशी निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या धर्मांची माणसे एका बंदरात राहायची म्हटल्यावर, कोणाची जागा कुठे संपते हे लिहून ठेवण्यावाचून गत्यंतरच नव्हते. ओळखीपाळखीवर चालेल असे ते गाव नव्हते. आणि आज आपले कल्याण तरी कुठे तसे राहिले आहे?

कल्याणकडे येऊ. हे गाव तर चिंचणीच्या ताम्रपटाहून कितीतरी जुने. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. मधली सत्तांतरे सगळी सांगत बसत नाही. मोगलांनी गावाला इस्लामाबाद नाव दिले होते, शेणाळे तलावाच्या काठची काळी मशीद १६४३ सालची आहे, १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, पुढे मोगल पुन्हा आले, मग पेशवाई आली, इंग्रज आले. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे ते एवढेच की राज्ये बदलली तरी कागदाची रीत चालू राहिली. जमिनीचा तंटा पडला की गोतसभा बसे आणि तिचा निवाडा महजरावर लिहिला जाई. महजर हा अरबी शब्द. त्यावर काझीची मोहर उमटे, देशमुख-देशपांड्यांची साक्ष पडे. लिहिता न येणारे आपापली निशाणी काढीत. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, बाईची बांगडी. ही बांगडी ध्यानात ठेवा.

त्या काळाचा ठसा आपल्या तोंडच्या भाषेवर अजून आहे. तहसील कार्यालयात जा आणि कान देऊन ऐका : जमीन, मालक, हक्क, वारस, मयत, कब्जा, दस्त, मिळकत, सनद, इनाम, तक्रार. सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले, आणि सगळे मराठीत इतके मुरलेले की मालवणापासून मेळघाटापर्यंत कोणालाही ते परके वाटत नाहीत. आपली मुले मदरशात ‘मय्यत’ आणि ‘वारिस’ शिकतात, तेच शब्द तलाठ्याच्या नोंदवहीत असतात. असे असूनही सातबारा समोर आला की आपण म्हणतो, “हे आपल्याला काही समजत नाही, वकिलाला दाखवू.”

इंग्रजी अंमलात कागदाचे वजन एकदम वाढले. घाटावर इनाम कमिशन बसले. त्याला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले आणि त्याने इनामदारांना एकच प्रश्न विचारला : सनद दाखवा. कोणाची पुरात गेली होती, कोणाची जळली होती, कोणाकडे मुळात नव्हतीच, केवळ पिढीजात वहिवाट होती. मंडळी हवालदिल झाली. अखेर १८६३ च्या दोन कायद्यांनी मुंबई इलाख्यात अशी तडजोड निघाली की ठरलेली रक्कम सालोसाल भरणाऱ्याचे इनाम चालू ठेवावे. याच सुमारास गावोगाव मोजणी होऊन प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर पडले. ‘पिंपळाखालचे शेत’ ही ओळख जाऊन आकडा आला. मात्र त्या आकड्यासमोर सरकारला सारा कोण भरतो त्याचेच नाव होते; घरात हिस्सेदार किती, गहाण कोणाकडे, कुळ कोण, हे त्यात दिसत नसे. हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा आला तो १९०३ साली. तिथून आजच्या सातबाऱ्याचा वंश सुरू होतो.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. सातबारा हा एक कागद दिसतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे ते असते. गाव नमुना १२ मध्ये पीक कोणते ते असते. नावात बदल झाला की तो आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत चढतो. वारसांची नोंद ६-क मध्ये. एका माणसाची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर ८-अ. गावठाणाची किंवा शहराची मोजणी झाली असेल तिथे घराच्या जागेची मिळकत पत्रिका असते. सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. तो महसुलासाठी ठेवलेला कागद आहे, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. पण कायदा असेही म्हणतो की उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरावी. म्हणजे नाव असलेला स्वस्थ बसू शकतो, आणि नाव नसलेल्याने वर्षानुवर्षे पुरावे घेऊन फिरायचे.

हा फरक किती मोठा आहे हे १९५७ साली कळले. १९४८ चा कुळकायदा होता, त्यात १९५६ साली दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, म्हणजे कृषक दिनी, कसणारे कुळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. शतकानुशतके राबलेल्यांना न्याय देणारा तो दिवस होता, यात मला शंका नाही. आपल्या समाजात त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे होती. काही घरांतली जमीन कुळांकडे गेली आणि त्याची हळहळ त्यांच्या दिवाणखान्यांत पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिली. ज्यांच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही ती माणसे दुसरी : वर्षानुवर्षे खंड भरला, पावती मागितली नाही, शेटजी भला माणूस म्हणून कुळ म्हणून नाव लावून घेतले नाही. त्यांनाही तोच कायदा होता. पण पुरावा कुठून आणणार?

आपल्या शेजारचे उल्हासनगर पाहा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या गावांच्या जमिनीवर लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्या बराकींत राहू लागली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कँपाचे उल्हासनगर झाले. ही माणसे घरेदारे, शेतीवाडी मागे टाकून आली होती. मागे टाकलेल्या मिळकतीबद्दल दावे नोंदवून घेण्याचा कायदा १९५० साली झाला आणि भरपाईचा १९५४ साली. दावा तपासताना पहिला प्रश्न कागदाचाच असे. जिवावर बेतलेल्या प्रवासात ज्यांनी खरेदीखत बरोबर आणले, त्यांचे काम त्यामानाने सोपे झाले.

या नाण्याची दुसरी बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. पाकिस्तानात गेलेल्यांची मिळकत १९५० च्या कायद्याने कस्टोडियनच्या ताब्यात जात होती. एका घरातला एक भाऊ कराचीला गेला आणि बाकीचे इथेच राहिले, तर घर कोणाचे? त्यासाठी १९५१ साली हिस्से वेगळे करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्यांचे वाटे आधीच लिहिलेले होते त्यांना आपला वाटा दाखवणे सोपे गेले. ‘सगळे एकत्रच आहे, आपसात काय लिहायचे’ असे म्हणणाऱ्यांना अवघड गेले. हे कायदे २००५ साली रद्द झाले, पण त्यांचे शिक्के काही जुन्या कागदांवर अजून दिसतात.

अशी वेळ फक्त आपल्याकडे आली असे नाही. अमेरिकेत मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक छळाला कंटाळून १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात जाऊन उतरले. त्यांचे धर्मप्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी प्लॉट पाडले आणि सांगितले की जमिनीची खरेदी-विक्री करायची नाही, जितकी कसवेल तितकी प्रत्येकाने घ्यावी. आपसातला विश्वास मोठा होता, त्यामुळे कारभार चालला. पण सरकारी दृष्टीने त्यांच्यापैकी एकाचीही मालकी नव्हती, कारण जमीन देणारी सरकारी कचेरी तिथे १८६९ साली उघडली. बावीस वर्षे घरे बांधली, बागा लावल्या, मुलांची लग्ने केली आणि मग कागद आला. सरकारच्या मोजणीच्या रेषा त्यांच्या प्लॉटांच्या कडांशी जुळेनात. तेव्हा एकाच्या नावावर जमीन घ्यायची आणि त्याने शेजाऱ्यांना त्यांचे तुकडे लिहून द्यायचे, असे उपाय करावे लागले. पंथातला सगळा विश्वास त्या दिवशी दस्तऐवजाच्या कसोटीला लागला.

त्याच महायुद्धातली आणखी एक गोष्ट कल्याणच्याच वेशीवर आहे. नेवाळीला लष्करी विमानांसाठी धावपट्टी झाली आणि तिच्यासाठी भोवतालच्या गावांची शेते घेतली गेली. जमीन युद्धापुरती घेतली होती, असे गावकऱ्यांचे म्हणणे. ती आपल्या मालकीची आहे, असे संरक्षण खात्याचे म्हणणे. पंचाहत्तर वर्षांनी, २०१७ च्या जून महिन्यात, तिथे उग्र आंदोलन झाले. रस्त्यावर उतरलेल्यांत अशीही मुले असतील, ज्यांच्या पणजोबांनी ते शेत शेवटचे नांगरले होते.

इतके सांगून झाल्यावर, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. संस्थेचे कार्यकर्ते वर्गणीसाठी दूधनाक्यापासून रेतीबंदरापर्यंत घरोघर जातात. त्यांना विचारा, किती घरांच्या कागदांवर अजून पणजोबांचे नाव आहे. आणि ज्या घरांत फेरफार झाले आहेत, त्यांतल्या कितींवर मुलींची नावे आहेत.

१८४७ साली, म्हणजे ते मॉर्मन आपल्या खोऱ्यात उतरले त्याच वर्षी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांतले दावे उभे राहिले. मुलींचे मागणे होते की बापाच्या मिळकतीत कुराणाने सांगितलेला हिस्सा मिळावा. पुरुष मंडळींनी सांगितले की आमच्यात तशी रूढी नाही. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. ही गोष्ट मी अनेकांना सांगतो आणि दर वेळी मला वाटते की त्या दिवशी शरीयतीची बाजू त्या मुलींनी मांडली आणि विरोध घरच्यांनी केला, इकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. अशा रूढींना बाजूला सारणारा शरीयत कायदा १९३७ साली आला. त्यात शेतजमिनीचा विषय वगळलेला आहे. त्याचा आधार घेऊन “शेतात मुलींना काही नसते” असे सांगणारे भाऊ मी पाहिले आहेत. तो अर्थ बरोबर नाही. तो विशिष्ट कायदा शेतजमिनीला लागू नाही, इतकाच त्याचा अर्थ. वेगळी रूढी आहे असे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करून दाखवावी लागते.

हिशेब अवघड नाही. सातवीतल्या मुलाला अपूर्णांक येत असले म्हणजे पुरे. समजा, एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. सूरह निसामध्ये सांगितल्याप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा. राहिले सात अष्टमांश. मुलाचे दोन भाग, प्रत्येक मुलीचा एक, मिळून चार भाग. मिळकतीचे ३२ हिस्से केले तर पत्नीला ४, मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. बेरीज करून पाहा. आपल्यात कोकणी मंडळी शाफई आहेत, बाकीचे बहुतेक हनफी; या उदाहरणात दोघांचा हिशेब एकच येतो. बापाने मृत्युपत्र केले तरी एक तृतीयांशापलीकडे त्याचा हात पोहोचत नाही, आणि एका वारसाला जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. बापाच्या हयातीत मात्र मुलांपैकी कोणाचाच त्या मिळकतीवर हक्क नसतो, असते ती फक्त उमेद. म्हणून बाप जिवंत असताना मुलीकडून “मला काही नको” असे लिहून घेतले जाते त्याला सर्वसाधारणपणे किंमत नाही. बाप डोळे मिटतो त्या क्षणी ३२ पैकी ७ हिस्से तिचे होतात, नोंद होवो अथवा न होवो. भावाने एकट्याने सगळे विकले तरी तिचे सात हिस्से त्या विक्रीत जात नाहीत. पण ते पुढे कोर्टात सांगत बसावे लागते.

मग नावे राहतात कशी? फसवणुकीने फार थोडी. बहुतेक वेळा चाळिसाव्याच्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, घरातले वडील सांगतात, “आपा, तुझी इथे एक सही लागते.” आपा सही करते, कारण ईदला माहेरी यायचे असते. तिला कोणी वाचून दाखवत नाही, ती विचारत नाही. कधी भाऊ खरोखर गरजू असतो आणि बहीण खरोखर मनापासून सोडून देते. तो तिचा अधिकार आहे. मात्र सोडून देण्याआधी वस्तू हातात यावी लागते. आधी तिचे नाव चढू द्या, मग तिला वाटले तर ती भावाला हिबा करील. हिबा तोंडीही चालतो, कायद्याने त्याला मोकळीक ठेवली आहे. तो बोलणे, स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टींनी पुरा होतो. तरीही तो लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत. कुराणातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, हे मुलांना विचारून पाहा. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे.

वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा सांगतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम वाढते : मृत्यूचे दाखले शोधा, चार पिढ्यांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहा, पाकिस्तानात की आफ्रिकेत गेलेल्या चुलत्यांचा पत्ता लावा. आता सातबारा घरबसल्या संगणकावर पाहता येतो. दहावीतली मुलगी तो पाच मिनिटांत काढून देईल. तिच्याचकडून काढून घ्या, आणि काढल्यावर तिलाच मोठ्याने वाचायला सांगा.

आमच्या पेटीतल्या रुमालात एक कागद मोडीत होता. घरात मोडी वाचणारे शेवटचे माणूस माझे आजोबा; त्यांच्यानंतर तो कागद नुसताच जपला गेला. चार वर्षांपूर्वी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून मी तो वाचून घेतला. घरामागच्या वाडीचे ते खरेदीखत निघाले. लिहून देणारी एक विधवा होती, आमच्याच घरातली, माझ्या पणजोबांची सख्खी बहीण. बापाकडून आलेला आपला हिस्सा तिने भावाला रोख रकमेला विकला होता, म्हणजे आधी तो तिच्या नावाने वेगळा धरला गेला होता. खाली तिच्या नावापुढे लेखकाने ‘निशाणी बांगडी’ असे लिहून एक वाटोळी रेघ काढली आहे, किंचित वाकडी.

त्यानंतरचे सगळे फेरफार मी मिळवले. तीन पिढ्यांत सात नावे चढली आणि सात कमी झाली. त्यांत बाईचे एकही नाव नाही. माझ्या वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या फेरफारात तर मीच सही केली होती; माझ्या दोघी बहिणींच्या सह्या हक्कसोडीवर आहेत आणि त्या घेताना मी शेजारी बसलो होतो. थोरली आता नाही. तिची मुले कुवेतला असतात. धाकटी इथेच गोविंदवाडीत राहते. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे त्या मोडी कागदाची नक्कल आणि ३२ हिश्शांचा हिशेब घेऊन गेलो, आणि तिचा वाटा तिच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने परत लिहून देतो असे सांगितले. तिने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्या बांगडीच्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “भाई, आधी सगळे वाचून दाखव.”